निष्क्रिय व केवळ वाचनीय रकाने

वेब फॉर्ममधील ज्या मजकूर-रकान्यात वापरकर्त्याला बदल करता येत नाही, त्याचे एचटीएमएलमध्ये (वेबपानांची रचना लिहिण्याच्या भाषेत) दोन प्रकार आहेत : ‘डिसेबल्ड’ म्हणजे निष्क्रिय आणि ‘रीडओन्ली’ म्हणजे केवळ वाचनीय. दोन्हींत टंकता येत नाही, एवढ्या साम्यामुळे एकाच्या जागी दुसरा सर्रास वापरला जातो. परंतु फॉर्म सबमिट करताना निष्क्रिय रकान्यातील मूल्य सर्व्हरकडे जातच नाही आणि केवळ वाचनीय रकान्यातील मूल्य, त्या रकान्याला नाव दिलेले असल्यास, जाते.

या भेदाचे मूळ दोन ठिकाणी शोधता येते. पहिले म्हणजे १९७१ च्या सुमारास आलेले आयबीएमचे ३२७० टर्मिनल, म्हणजे मुख्य संगणकाला जोडलेला पडदा व कळफलक. त्याच्या पडद्यावरील ‘प्रोटेक्टेड’ रकान्यात अक्षर टंकण्याचा प्रयत्न केल्यास कळफलक अडत असे आणि टॅब कळ तो रकाना ओलांडून पुढच्या मोकळ्या रकान्यात नेत असे. मात्र मुख्य संगणकाकडे काय परत जावे, हे ‘मॉडिफाइड डेटा टॅग’ (‘मजकूर बदलला आहे’ अशी खूण) या स्वतंत्र बिटवर ठरत असे, त्यामुळे प्रोग्रामने तो बिट आधीच लावून ठेवला असता प्रोटेक्टेड मजकूरही परत पाठवला जाई. दुसरे मूळ चित्रमय संवादपटलांत आहे : मॅकिंटॉशवर (१९८४) त्या क्षणी लागू नसलेले पर्याय फिकट दिसत, आणि विंडोजच्या मजकूर-चौकटीला निष्क्रिय व केवळ वाचनीय अशा दोन वेगळ्या अवस्था होत्या. संज्ञांचे साम्य पाहता वेबवरील रूढी या दुसऱ्या परंपरेतून आली असणे अधिक संभवनीय वाटते. एचटीएमएल २.० मध्ये (१९९५) यांपैकी एकही गुणधर्म नव्हता. त्याच वर्षीच्या एचटीएमएल ३.० च्या मसुद्यात ‘डिसेबल्ड’ आढळतो, पण त्याचे वर्णन ‘वापरकर्त्याला बदलता न येणारा’ असे असल्याने तो आजच्या रीडओन्लीच्याही जवळचा ठरतो. हा मसुदा मानक होण्याआधीच बाद झाला. डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४.० ने दोन्ही गुणधर्म वेगळे करून त्यांची वागणूक निश्चित केली.

निष्क्रिय रकान्यावर टॅबने जाता येत नाही; केवळ वाचनीय रकान्यावर जाता येते आणि त्यातील मजकूर निवडून कॉपीही करता येतो. मूल्य-तपासणीतून ब्राउझर दोन्हींना वगळतो. ‘रीडओन्ली’ हा गुणधर्म मजकूर, संख्या, दिनांक अशा रकान्यांपुरताच आहे. चेकबॉक्स किंवा निवडसूचीला तो लागू होत नाही, कारण तेथे ‘वाचनीय’ आणि ‘निष्क्रिय’ यांत स्पष्ट फरक उरत नाही, असे एचटीएमएल मानकाचे म्हणणे आहे.

व्यवहारातील एक उदाहरण घेता येईल. पत्त्याच्या फॉर्ममध्ये ४११०३० हा पिनकोड भरताच ‘जिल्हा’ या रकान्यात ‘पुणे’ आपोआप येते आणि तो रकाना बंद होतो. येथे ‘डिसेबल्ड’ वापरले, तर अर्जदाराला पडद्यावर ‘पुणे’ दिसत राहते, पण सर्व्हरकडे आलेल्या माहितीत जिल्हाच नसतो. म्हणून अशा ठिकाणी ‘रीडओन्ली’च योग्य होय. दुसरी चूक लिहिण्यातील आहे. हे गुणधर्म केवळ उपस्थितीने लागू होतात, त्यामुळे डिसेबल्डपुढे ‘फॉल्स’ असे मूल्य लिहिले तरी रकाना निष्क्रियच राहतो. तो मोकळा करण्यासाठी गुणधर्मच काढून टाकावा लागतो.

यांपैकी कोणताही गुणधर्म सुरक्षेचे साधन नाही. ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्सने तो काही क्षणांत काढता येतो, म्हणून वस्तूची किंमत किंवा अर्जदाराची पात्रता अशी मूल्ये रकाना बंद आहे या भरवशावर स्वीकारू नयेत. ती सर्व्हरवर पुन्हा तपासणे अनिवार्य आहे.

सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत सामान्य आकाराच्या मजकुरासाठी अक्षरे व पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका रंगविरोध मागितला आहे, पण निष्क्रिय घटकांना त्यातून सूट आहे. या सुटीमुळे फिकट राखाडी अक्षरे नियमात बसतात, तरी मंददृष्टी वाचकाला ती वाचता येतीलच असे नाही. वाचकाने वाचावे अशी अपेक्षा असलेले मूल्य त्यामुळे निष्क्रिय रकान्यात ठेवू नये.