बटण दाबल्यापासून संगणकाला कळेपर्यंत

लातूर, परभणी किंवा नांदेडच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला प्रतिक्रिया काळ मोजताना प्रयोज्याला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला, एकच काम असतं: दिवा लागला की बटण दाबायचं. तरुण माणसाला त्यासाठी साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. आवाज ऐकून दाबायचं असेल तर थोडे कमी.

1868 मध्ये डच शास्त्रज्ञ दोंदर्स यांनी यातून एक सुंदर युक्ती काढली. एकाच दिव्याला लागणारा वेळ, दोन दिव्यांतून निवड करताना लागणाऱ्या वेळातून वजा करायचा. उरतो तो मनाला निवडीसाठी लागलेला वेळ. असे फरक अनेकदा शंभर मिलिसेकंदांच्या आतलेच असतात. म्हणूनच बटणाकडे बारकाईने पाहायला हवं.

आज बटण म्हणून बहुतेक ठिकाणी की-बोर्ड वापरतात. की दाबली की आतले धातूचे संपर्क एकदाच टेकत नाहीत; शहाबादी फरशीवर पडलेल्या नाण्यासारखे काही वेळ उडत राहतात. ते स्थिरावेपर्यंत अनेक की-बोर्ड थांबतात. त्यात साधा यूएसबी की-बोर्ड असेल तर संगणक त्याला सहसा दर 8 मिलिसेकंदांनीच ‘की दाबली का?’ असं विचारतो. विलंब कायम सारखा असता तर वजाबाकीत निघून गेला असता. पण तो दर वेळी थोडा बदलतो, आणि आकडे विस्कटतात. फेऱ्या वाढवून सरासरी काढली की हा विस्कळीतपणा बराच आटोक्यात येतो. खरा धोका दोन यंत्रांच्या तुलनेत आहे: बीडचे प्रयोज्य एका की-बोर्डवर आणि नांदेडचे दुसऱ्यावर बसवले, तर दिसलेला फरक माणसांचा की की-बोर्डचा, हे सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणजे खास प्रयोगासाठीची बटणपेटी; तिच्यात वेळ पेटीचंच घड्याळ नोंदवतं. संपर्क पहिल्यांदा टेकला तो क्षण लगेच टिपायचा आणि पुढचे काही मिलिसेकंद त्या बटणाकडे दुर्लक्ष करायचं, एवढाच तिचा नियम. काहीशे रुपयांच्या आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर हे जमतं. साध्या 16 मेगाहर्ट्‌झच्या बोर्डाचं घड्याळसुद्धा 4 मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी चालतं. इलेक्ट्रॉनिक्स विभागातल्या मुलांनी अशा पेट्या जरूर बनवाव्यात.

मात्र पडद्याकडेही लक्ष हवं. 60 हर्ट्‌झचा पडदा साधारण दर 16.7 मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, म्हणून उद्दीपक (ज्याला पाहून बटण दाबायचं ते चित्र) नेमका कधी दिसला, हे मोजावं लागतं. त्यासाठी उद्दीपकासोबत पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन दाखवावा, त्यावर प्रकाश-संवेदक चिकटवावा आणि त्याची तार त्याच पेटीत न्यावी. मग उद्दीपक आणि प्रतिसाद, दोन्ही एकाच घड्याळावर येतात. प्रात्यक्षिक वहीत ‘साहित्य’ या मथळ्याखाली नुसतं ‘संगणक’ न लिहिता की-बोर्ड, पडदा आणि मोजलेला विलंबही लिहावा.