बरगड्या दिसणारे दोन घोडे, पण चंदी एकच नाही

बरगड्या मोजता येतील असा घोडा दारात आला की हात आधी तोबऱ्याकडे, म्हणजे तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीकडे जातो. चणे, जव, कोंडा अशी चंदी, वर गुळाचा खडा. माया खरी असते. पण घोडा नुसता वाळलेला आहे की उपाशी राहिलेला, हे न बघता भरलेला तोबरा त्याच्या जिवावर बेतू शकतो. दिसायला दोघे सारखेच: कणा वर आलेला, पुठ्ठे बसलेले. 1983 साली अमेरिकी संशोधक हेनेके यांनी मांडलेली 1 ते 9 गुणांची मोजपट्टी जगभर वापरतात, पण तीही घोडा किती बारीक आहे तेवढंच सांगते, का ते नाही.

वाळलेला घोडा रोज खातो, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. त्याच्या पायाशी बघा. अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे पडले असतील आणि लिदीत लांब काड्या असतील, तर दोष बहुधा दातांचा. डॉक्टरांकडून दातांची धारदार टोकं कानशीनं घासून घेतल्याशिवाय चंदी वाढवणं म्हणजे पैसे लिदीत घालणं. पोट सुटलंय आणि बरगड्या उघड्या आहेत, तर जंत किंवा निकस वैरण. हंगामात माथेरानच्या चढावर राबणाऱ्या घोड्याला कधी नुसता आरामच कमी पडलेला असतो. अशा घोड्याचं खाणं खुशाल वाढवा, पण आधी वैरण. चांगलं वाळलं गवत दिवसभर समोर हवं, जोडीला लसूणघास. एवढ्यावर भागलं नाही तरच चंदी, तीही हळूहळू वाढवत आणि 400 किलोच्या घोड्याला एका वेळी दोन किलोच्या आत. जास्तीचा स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात गेला की पोटशूळ उठतो, खुरांना दाह होतो.

उपाशी घोड्याचं गणित उलटं आहे. कित्येक आठवडे पोटात काही नसल्यानं त्यानं स्वतःची चरबी संपवून मांसही जाळलेलं असतं. एकदम चंदी मिळाली की रक्तातली साखर आणि पाठोपाठ इन्सुलिन उसळतं, आणि रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं. मग हृदय आणि श्वास कोलमडतो. घात बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी होतो, म्हणजे घरच्यांना आता हा सुधारला असं वाटत असतानाच.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अभ्यासात अशा घोड्यांना वाळवलेला लसूणघास सर्वांत मानवला. त्यात स्टार्च कमी, प्रथिनं भरपूर आणि नेमकी तीच खनिजं असतात. पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलो, रात्रीसुद्धा. आपली तट्टं लहान असतात, त्यांना त्या मानानं कमी. चौथ्या दिवसापासून घास वाढवायचा आणि वेळा कमी करायच्या. सहाव्या दिवशी दर आठ तासांनी पावणेदोन किलोच्या आसपास. दहा दिवसांनंतर खाईल तेवढा घास, दिवसातून दोनदा. पाणी कायम समोर हवं. चणे, गूळ, तेल यांतलं काहीही या दहा दिवसांत नको.

जंताचं औषधही लगेच नको. अंगात थोडी ताकद आली की डॉक्टरांच्या सल्ल्यानं. हे दहा दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढावेत. वजन पूर्ववत व्हायला तीन ते पाच महिने लागतात.

आधीचं काहीच कळत नसेल, बाजारातून किंवा रस्त्यावरून आणलेला घोडा असेल, तर तो उपाशीच आहे असं धरून चाला. वाळलेल्या घोड्याला दहा दिवस घास जपून मिळाला म्हणून काही बिघडत नाही.