एअरबॅगचा दिवा आणि बंपरमागच्या दोन तारा

एअरबॅगचा लाल दिवा लागला तरी गाडीचं काही अडत नाही. इंजिन चालतं, एसी गार करतो, ॲव्हरेजही तेवढंच मिळतं. म्हणून महिनोन्‌महिने तो दिवा तसाच जळत ठेवणारे पुष्कळ आहेत. काहींना वाटतं की दिवा लागला म्हणजे बॅग आता कधीही तोंडावर फुटणार. बहुतेक वेळा परिस्थिती उलटी असते. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटचा आपल्याच यंत्रणेतल्या एखाद्या भागावरचा भरवसा उडालेला असतो, आणि मग ते तो भाग किंवा गाडीनुसार अख्खी यंत्रणाच बाजूला ठेवतं. अपघात झालाच तर बॅग उघडेल याची खात्री उरत नाही.

बिघाडाच्या जागा अनेक. स्टेअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग (स्टेअरिंग फिरतानाही तारेची जोडणी टिकवणारी गुंडाळी), सीटखालचा पिवळा कपलर (तारा जोडणारा सॉकेट), सीटबेल्टचं बक्कल. पण तपासाच्या दृष्टीने सगळ्यात रंजक सर्किट आहे क्रॅश सेन्सरचं, म्हणजे धडक ओळखणाऱ्या सेन्सरचं. या सेन्सरने गाडीच्या आयुष्यात एकदाच बोलायचं असतं, आणि शक्यतो तेही नाही. मग तो नुसता गप्प बसलाय की मेलाय, हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत ॲलन ब्रीड यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस बनवलेला क्रॅश सेन्सर पूर्णपणे यांत्रिक होता. एका छोट्या नळीत धातूची गोळी, आणि ती मागे धरून ठेवायला चुंबक. गाडी जोरात आदळली की गोळी चुंबकापासून सुटते, नळीतून पुढे जाते आणि टोकाच्या दोन संपर्कपट्ट्या जोडते. यातली खरी हुशारी नळी आणि गोळी यांच्यातल्या फटीत आहे. ती इतकी अरुंद ठेवलेली असते की गोळी पुढे सरकायची तर आतल्या हवेला त्या फटीतून वाट काढत मागे जावं लागतं. खड्ड्याचा हादरा कितीही जोराचा असला तरी क्षणात संपतो. तेवढ्यात गोळी टोकापर्यंत पोचत नाही. खऱ्या धडकेत मात्र जोर काही मिलिसेकंद टिकून राहतो आणि गोळी पोचते.

पण विजेच्या नजरेने बघितलं तर हा एक साधा उघडा स्विच आहे. दहा वर्षं उघडा असलेला स्विच आणि उंदराने कुरतडलेली तार यांत फरक काय? दोन्हींतून करंट जात नाही. यावरचा उपाय फार देखणा होता. सेन्सरच्या आत, त्या दोन संपर्कपट्ट्यांना समांतर एक रेझिस्टर जोडायचा. स्विच उघडा असतानाही त्या रेझिस्टरमधून अगदी थोडा करंट सतत वाहतो. बॅग पेटवायला तो कुठल्या कुठे कमी, पण मोजायला पुरेसा. कंट्रोल युनिट व्होल्टेज बघत बसतं. अपेक्षित आकडा आला तर सगळं ठीक. करंट शून्य झाला तर तार तुटली. एकदम वाढला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या. शिवाय अशा गाड्यांत बॅगच्या सर्किटमध्ये आणखी एक सेन्सर याच्याशी एकापाठोपाठ जोडलेला असे, म्हणजे एकाच ठिकाणी शॉर्ट झाल्याने बॅग फुटू नये.

आजच्या गाडीत गोळी नाही. तिच्या जागी सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा लवचिक पायांवर टांगलेला असतो. झटका बसला की तो किंचित हलतो, त्याच्या आणि शेजारच्या स्थिर दातऱ्यांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विद्युतधारिता (वीज साठवण्याची क्षमता) बदलते. हा तुकडा शाबूत आहे की नाही याची चाचणी सेन्सर स्वतःच करतो. आपण इग्निशन ऑन केलं की चिपमध्ये स्थिर विजेच्या ओढीने तो तुकडा मुद्दाम हलवला जातो आणि तो हवा तेवढाच हलला का ते तपासलं जातं. डॅशबोर्डवरचा दिवा सुरुवातीला साधारण सहा सेकंद लागून विझतो, त्या वेळात अशा चाचण्या उरकलेल्या असतात.

त्यानंतरही सेन्सर गप्प बसत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये तो फक्त दोन तारांनी कंट्रोल युनिटला जोडलेला असतो. त्याच दोन तारांवरून त्याला वीज मिळते आणि त्यांच्यावरूनच तो माहिती पाठवतो. एरवी तो काही मिलिॲम्पिअर करंट घेतो. निरोप पाठवताना तोच करंट साधारण २६ मिलिॲम्पिअरने वर-खाली करतो. असे निरोप दर सेकंदाला दोन हजारांच्या आसपास जातात, आणि बहुतेकांचा मजकूर एवढाच की काही घडलेलं नाही. रात्री सोसायटीत फिरणाऱ्या गुरख्याची शिट्टी हेच सांगते. चोर आला म्हणून ती वाजत नसते, ती थांबली तर मात्र उठून बघावं लागतं. इथेही निरोप थांबला किंवा विस्कटला की कंट्रोल युनिट बिघाडाचा कोड नोंदवतं आणि दिवा लावतं. एवढी घाई का, तर समोरून धडक झाली की बॅग उघडायची का, हे साधारण १५ ते २० मिलिसेकंदांत ठरवावं लागतं. बाजूच्या धडकेत वेळ त्याहून कमी. पापणी लवायलासुद्धा १०० मिलिसेकंद लागतात.

आता बिघाड. माझं मत असं की सेन्सर स्वतः क्वचितच मरतो, मरतात त्या तारा आणि कपलर. पुढचे सेन्सर असतात रेडिएटरच्या चौकटीवर, जाळीच्या अगदी मागे. धडक सगळ्यात आधी तिथे कळते म्हणून ती जागा योग्य. पण चिखल, पावसाचं पाणी आणि वॉशिंग सेंटरवरचा पाण्याचा फवारा हेही आधी तिथेच येतात. कोकणातल्या एका पावसाळ्यात त्या कपलरला काय काय सोसावं लागतं याची कल्पना करा. त्यात पार्किंगमधले उंदीर, आणि बंपर बदलताना वायर क्लिपमध्ये न बसवता तशीच लोंबती सोडणारे कारागीर.

तपासाची सुरुवात स्कॅनरने, म्हणजे गाडीत नोंदलेले कोड वाचणाऱ्या यंत्राने होते. बाजारात मिळणारे स्वस्त ओबीडी रीडर बरेचदा फक्त इंजिनाचे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड 'बी' अक्षराने सुरू होतात आणि त्यांना ते वाचू शकणारा स्कॅनर लागतो. सर्वमान्य यादीत बी००९० हा पुढच्या डाव्या सेन्सरचा आणि बी००९५ पुढच्या उजव्याचा कोड. अनेक कंपन्यांचे स्वतःचे वेगळे कोडही असतात. कोडला शेपूट जोडलेलं असेल तर ते वाचायलाच हवं. ११ म्हणजे तार बॉडीला शॉर्ट, १२ म्हणजे बॅटरीच्या पुरवठ्याला शॉर्ट, १३ म्हणजे सर्किट तुटलेलं. आणि कोड 'आत्ता आहे' की 'पूर्वी येऊन गेला' हेही बघायचं. येऊन-जाऊन असणारा कोड बहुधा ढिल्या पिनेचा असतो. कोड पुसला, दिवा गेला, गिऱ्हाईक खूश, याला दुरुस्ती म्हणणारी गॅरेजं आहेत. पहिल्या पावसात दिवा परत येतो.

पुढचं काम घाईने करायचं नाही. आधी इग्निशन बंद, बॅटरीचं मायनस टर्मिनल काढायचं आणि थांबायचं. कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो. अपघातात बॅटरीच तुटली तरी बॅग पेटावी म्हणून तो वीज साठवून ठेवतो. ती उतरायला वेळ लागतो. गाडीनुसार दीड मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत. त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळच पाळायचा. सेन्सर काढायचा तर तोही वीजपुरवठा तोडल्यावरच. चालू यंत्रणेतला सेन्सर हातातून खाली पडला, तर तो धक्का खरा की खोटा हे ठरवण्याची जबाबदारी कंट्रोल युनिटवर टाकण्यात शहाणपण नाही.

मग सेन्सरचा कपलर सोडवून टॉर्चच्या उजेडात आत बघायचं. अर्धे निकाल इथेच लागतात. पिनेवर हिरवट पूड दिसली तर पाणी शिरलेलं आहे. पण पिना स्वच्छ दिसल्या म्हणून निश्चिंत होऊ नये. पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून केशाकर्षणाने आत चढत जातं. बाहेरचं आवरण नवंकोरं आणि आतला तांब्याचा धागा काळा पडलेला, असं सर्रास सापडतं. अशा तारेला टोकाशी नवी पिन लावून उपयोग नाही, निरोगी तांबं लागेपर्यंत मागे जावं लागतं. कित्येक उत्पादक तर या सर्किटच्या तारेला सांधा मारायलाच मनाई करतात, पूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा अख्खा जुडगा, बदला म्हणतात. महाग पडतं, पण दोन हजार निरोपांतला एकही हुकू नये ही अपेक्षा असेल तर काळी टेप गुंडाळलेला सांधा पुरणार नाही.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर मल्टिमीटर. सेन्सर आणि कंट्रोल युनिट या दोन्ही टोकांचे कपलर सोडवून मधली नुसती तार मोजायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक ओहमपेक्षा कमी, आणि दोन तारांमध्ये किंवा तार आणि बॉडीमध्ये दहा लाख ओहमच्या वर, असे आकडे यायला हवेत. मोजताना हार्नेस हलवत राहायचं, कारण तुटलेला धागा स्थिर असताना जोडलेला भासतो. मात्र हाच मल्टिमीटर एअरबॅगच्या स्क्विबला, म्हणजे बॅग पेटवणाऱ्या ठिणगीला कधीही लावायचा नाही. तिचा रोध जेमतेम दोन ओहम असतो आणि १.२ ॲम्पिअर करंट फक्त दोन मिलिसेकंद मिळाला तरी ती पेटते. मीटरचा करंट एरवी यापेक्षा खूप कमी असतो, पण बिघडलेल्या मीटरची हमी कोण देणार? म्हणून वर्कशॉपमध्ये बॅगेच्या जागी तेवढ्याच रोधाचा नकली भार जोडून तपासणी करतात.

तारा ठीक निघाल्या तर एक सुरेख प्रयोग उरतो. डावा आणि उजवा सेन्सर एकाच पार्ट नंबरचे असतील आणि मॅन्युअलची परवानगी असेल, तर त्यांची अदलाबदल करायची. कोड डावीकडून उजवीकडे गेला तर दोषी सेन्सर. डावीकडेच राहिला तर दोष तारेत किंवा कंट्रोल युनिटमध्ये. नवा पार्ट मागवण्याआधी फुकटात मिळणारं हे उत्तर आहे. बसवताना सेन्सरवरचा बाण सांगितलेल्या दिशेलाच हवा आणि बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळलेला हवा. ढिला सेन्सर गाडीचा झटका मोजत नाही, स्वतःचं डुलणं मोजतो. काही गाड्यांत दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दाराचा पत्रा आत दबला की दाब एकदम वाढतो. अशा दारात मोठे स्पीकर बसवायला भोकं पाडली तर दिवा लागत नाही, पण मोजमाप बिघडतं.

दिव्याला फसवण्याचे उद्योगही चालतात. फुटलेल्या बॅगेच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर लावला की स्क्विबचं सर्किट समाधान पावतं. डिजिटल सेन्सरच्या बाबतीत ही लबाडी चालत नाही, कारण रेझिस्टर निरोप पाठवू शकत नाही. तिथे मग दिव्याचाच पुरवठा तोडतात. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, आणि त्या वेळच्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात भरपूर आहेत. घेण्याआधी इग्निशन ऑन करून बघा. दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर विकणाऱ्याला कारण विचारा. चॅसी नंबर टाकून कंपनीच्या रिकॉलची यादीही पाहावी. जानेवारी २०२३मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलर तपासण्यासाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या होत्या.

या सगळ्या देखरेखीलाही न दिसलेला एक दोष आहे, आणि तो याच तारांशी संबंधित आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेने २०१८मध्ये काही गाड्यांची चौकशी सुरू केली. समोरून मोठी धडक होऊनही त्यांच्या बॅगा उघडल्या नव्हत्या. संशय असा होता की धडकेत पुढचे भाग चिरडताना सेन्सरच्या तारांवर विजेचे जोरदार झटके येतात, ते तारांवरून कंट्रोल युनिटमध्ये शिरतात आणि तिथली चिप नेमक्या गरजेच्या क्षणी निकामी होते. धडकेआधी सेन्सर ठीक, तार ठीक, रोध ठीक, दिवा विझलेला. २०१९च्या एप्रिलमध्ये ही चौकशी सुमारे १ कोटी २३ लाख गाड्यांपर्यंत वाढवली गेली. जानेवारी २०२०मध्ये टोयोटाने जगभरातून सुमारे ३४ लाख गाड्या परत बोलावल्या. गरज असेल तिथे कंट्रोल युनिट आणि वायरिंग हार्नेस यांच्यामध्ये एक नॉइज फिल्टर बसवायचा, एवढीच ती दुरुस्ती होती.