फिनलंड-इंडोनेशियाचा तक्ता मागवण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे कागद-पुठ्ठ्याच्या निर्यातीचे आकडे मागणारे बहुतेक बॉक्सवाले, वह्यावाले आणि पेपर ट्रेडर. मागणीही ठरलेली: "फिनलंड आणि इंडोनेशियाचे वीस वर्षांचे आकडे टाका, संध्याकाळपर्यंत." दुसऱ्या दिवशी फोन येतो, "तुमचा आकडा नेटवरच्या आकड्याशी जुळत नाही."

नाहीच जुळणार. एक आकडा टनांतला असतो, दुसरा डॉलरमधला. ऐकायला बाळबोध वाटेल, पण आमचा निम्मा वेळ यातच जातो.

जुलै 2008 मध्ये एका युरोला जवळपास 1.60 डॉलर पडत होते, मार्च 2015 मध्ये जेमतेम 1.05. समजा फिनलंडच्या गिरणीनं दोन्ही वेळा 700 युरो टन या भावानं रीळ विकलं. तक्त्यात आधी 1120 डॉलर दिसतील, नंतर 735. भाव तोच, वजन तेच, आणि निर्यात मात्र एक तृतीयांश गळालेली! डॉलरमध्येच सौदा करणाऱ्या गिरणीच्या (समजा इंडोनेशियाच्या) आकड्यात हा फटका दिसतच नाही. मग ग्राहक म्हणतात, इंडोनेशियानं बाजी मारली. मारलीही असेल, पण ते टन बघून ठरवा.

टनांतही सुरुवातीचं वर्ष जपून निवडा. 2005 च्या मे-जूनमध्ये फिनलंडच्या कागद गिरण्यांत टाळेबंदी होती. 2022 मध्ये यूपीएम या तिथल्या बड्या कागद कंपनीचे कामगार 1 जानेवारी ते 22 एप्रिल संपावर होते. अशा वर्षापासून मोजलं तर पुढची वाढ फुगलेली दिसते.

गेल्या पावसाळ्यात औषधांची खोकी करणाऱ्या आमच्या एका ग्राहकांनी फिनलंडचा उतरता आलेख पाहिला आणि 'तिकडचा बोर्ड संपत चाललाय' या धास्तीनं चार महिन्यांचा एफबीबी (फोल्डिंग बॉक्सबोर्ड, म्हणजे खोक्यांचा पुठ्ठा) भरून ठेवला. गोदामात ओल धरली, शीटच्या कडा वळल्या. मुळात तिथं आटत होता तो छपाईचा कागद. काइपोलाची न्यूजप्रिंटची गिरणी 2020 अखेर बंद झाली. वार्काउस 2015 मध्ये आणि ओउलू 2021 च्या सुमारास छपाईच्या कागदावरून पॅकेजिंगच्या मालाकडे वळल्या. आमच्याकडून नुसता 'एकूण कागद' न मागता एफबीबीचा सीमाशुल्क कोड 4810.92 वेगळा मागितला असता, तर ही खरेदी टळली असती.

आणखी एक. सीमाशुल्काच्या चॅप्टर 48 मध्ये खोकी (4819) आणि वह्या (4820) पण येतात, एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या) टनांत त्या धरत नाहीत. लगदा तर चॅप्टर 47 मध्ये, तो यात मिसळू नका. आणि आपलं 2021-22 त्यांच्या 2021 शेजारी ठेवू नका, त्यांचं वर्ष जानेवारीपासून.

म्हणून ऑर्डर घेताना आम्ही विचारतो: टन की डॉलर, कोड कुठला, वर्ष कुठलं. काहींना हा फॉर्म म्हणजे टाळाटाळ वाटते. एकच आकडा लगेच पाठवणं आम्हालाही सोपं आहे, पण त्यावर तुम्ही माल उचलणार असता. आम्ही टन आणि डॉलर शेजारी-शेजारी देतो, शिवाय भागाकार करून दर टनाचा भाव काढतो. सप्लायरशी घासाघीस करताना तोच रकाना कामाला येतो. दर तिमाहीला ताजा तक्ता हवा असेल तर वर्षाची नोंदणी स्वस्त पडते.

कोड माहीत नसेल तर मागच्या खेपेच्या बिल ऑफ एंट्रीची (आयातीवेळी सीमाशुल्काला दिलेल्या कागदाची) प्रत पाठवा, आम्ही त्यावरून काढू.