न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव सूर्यास्ताआधी का संपतो

ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टला दरवर्षी ऑगस्टच्या आरंभी जॅझ महोत्सव भरतो आणि त्याच्या थोडे आधी, जुलैअखेरीस, फोक म्हणजे लोकसंगीताचा महोत्सव. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रवाशाला तिथल्या काही अटींचे नवल वाटते. सकाळी सुरू झालेले गाणे-वाजवणे संध्याकाळी सात-साडेसातला आटोपते. दिवसाला साधारण १०,००० माणसांनाच आत सोडतात. मैदानावर तंबू ठोकून मुक्काम करता येत नाही. अमेरिकेतले दुसरे मोठे संगीत महोत्सव रात्री उशिरापर्यंत रंगतात. मग ज्या गावाने या प्रकाराला वळण लावले तिथेच एवढी काटेकोर शिस्त का? कारण या गावाने महोत्सवाला दोनदा मध्येच थांबवून बाहेर काढले होते, १९६० मध्ये आणि पुन्हा १९७१ मध्ये. आजचा प्रत्येक नियम त्या दोन उन्हाळ्यांकडे बोट दाखवतो.

उन्हाळ्यात उघड्यावर संगीत ऐकायची रीत अमेरिकेत या महोत्सवाआधीची आहे. वातानुकूलन सर्रास नव्हते तेव्हा शहरांतली सभागृहे उन्हाळ्यात बंद राहत, वाद्यवृंदातल्या वादकांना त्या महिन्यांत काम नसे आणि पैसेवाले श्रोते डोंगरात किंवा समुद्राकाठी गेलेले असत. संगीतही मग त्यांच्यामागे गेले. लॉस एंजेलिसच्या टेकड्यांत हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंदिराचे कार्यक्रम १९२२ मध्ये सुरू झाले. मॅसॅच्युसेट्समधल्या टँगलवूडला १९३७ च्या ऑगस्टमध्ये वादळी पावसाने मैफल मोडली, त्याच संध्याकाळी श्रोत्यांकडून पैसे गोळा व्हायला लागले आणि पुढच्याच वर्षी पाच हजार माणसे बसतील अशी शेड उभी राहिली. हे सगळे अभिजात पाश्चात्त्य संगीताचे. जॅझ तोवर रात्रीच्या क्लबांत, धुरात आणि ग्लासांच्या किणकिणाटात वाजत होता.

जुन्या अमेरिकी धनाढ्यांनी उन्हाळ्यासाठी बांधलेले न्यूपोर्टचे महाल आपल्याकडच्या पुष्कळांनी पाहिलेले आहेत. बॉस्टनला मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळा काढायला गेलेल्या आईवडिलांची एक फेरी तिथे होतेच, त्यामुळे त्या वैभवाचे वर्णन इथे नको. तिथल्या एका धनिक दांपत्याने १९५३ मध्ये न्यूयॉर्कचा वाद्यवृंद बोलावून उन्हाळी मैफली करून पाहिल्या, त्या पडल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी बॉस्टनमध्ये जॅझ क्लब चालवणाऱ्या जॉर्ज वीन या तरुण पियानोवादकाला हाताशी धरले आणि १७ व १८ जुलै १९५४ ला कसिनोच्या हिरवळीवर जॅझचा पहिला उत्सव झाला. नावावर जाऊ नये, हा कसिनो जुगाराचा अड्डा नव्हता. तो टेनिसचा क्लब होता. हजारो माणसे आली, हिरवळ तुडवली गेली, आणि क्लबाने पुन्हा जागा देण्याचे नाकारले. १९५५ पासून कार्यक्रम जवळच्याच फ्रीबॉडी पार्क या खेळाच्या मैदानावर हलला. कोणाच्या गवतावर कोणी यायचे हा प्रश्न म्हणजे पहिल्याच वर्षी उभा राहिला होता.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे म्हणजे या महोत्सवाचे ऐन यौवन. १९५६ च्या जुलैमध्ये एका सॅक्सोफोनवादकाने लागोपाठ २७ आवर्तने वाजवली, लोक खुर्च्यांवर उभे राहिले आणि उतरणीला लागली असे म्हटले जात होते ती बुजुर्ग वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनची कारकीर्द एका रात्रीत सावरली. ही कथा जॅझ ऐकणाऱ्याला पाठ असते. तिच्यामागचा तारखेचा बदल मात्र कमी सांगितला जातो. आयोजकांनी महोत्सव जुलैच्या मध्यावरून ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला लागून आणला. श्रोत्यांना सलग सुट्टी मिळावी हा हिशेब बरोबरच होता. पण त्याच सुट्टीत ईशान्येकडच्या कॉलेजांतली मुले समुद्रावर धिंगाणा घालायला बाहेर पडत. दोन गर्द्या एकाच गावात, एकाच रस्त्यावर आल्या.

आता १९६०. शनिवार, २ जुलैच्या रात्री फ्रीबॉडी पार्क भरून गेले, तिकिटे संपली, आणि आत जाऊ न शकलेली किंवा जायची इच्छाच नसलेली हजारो तरुण मुले बाहेर बिअरचे डबे घेऊन साचत गेली. कुंपण पाडायचा प्रयत्न झाला, पोलिसांवर डबे-बाटल्या फेकल्या गेल्या. पोलिसांनी अश्रुधूर आणि आगीच्या बंबांचे पाणी वापरले, नॅशनल गार्डला, म्हणजे राज्याच्या राखीव सैनिकांना, बोलावणे गेले, पावणेदोनशेहून अधिक जणांना अटक झाली. आत कार्यक्रम चालूच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपरिषद बसली आणि उरलेल्या महोत्सवाचा परवाना तिने रद्द केला. रविवारची दुपारची ब्लूजची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दुःखगीतांतून आलेल्या गायकीची, बैठक तेवढी होऊ दिली.

हा निर्णय बरोबर होता का? परिषदेची बाजू आधी सांगायला हवी. छोटे शहर, मोजके पोलीस, समुद्रकाठी आणि गाड्यांत झोपलेली मुले, सुट्टीचे आणखी दोन दिवस बाकी. पुन्हा रात्र झाली असती तर काय झाले असते हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. जबाबदारी नाकारता येत नाही अशी ही परिस्थिती होती, हे मान्य.

पण शिक्षा कोणाला झाली ते पाहा. दंगा करणारे बहुतांशी गोरे, कॉलेजात शिकणारे तरुण होते. जॅझशी त्यांचे देणेघेणे नव्हते. आत बसलेल्यांनी दंगा केला नव्हता. मुलांच्या हातातली बिअर कोणी ना कोणी विकली होती, आणि तो धंदा महोत्सवाचा नव्हता. तरीही बंद झाला तो महोत्सव. ज्या वादकांचे पुढचे कार्यक्रम ठरले होते, ज्या प्रवाशांनी दूरवरून येऊन खोल्या घेतल्या होत्या, त्यांना हात हलवत परतावे लागले. आणि या सगळ्याला ‘जॅझची दंगल’ हे नाव चिकटले ते कायमचे. माझ्या मते त्या दोन शब्दांनी परवाना रद्द होण्यापेक्षाही अधिक नुकसान केले. दंगल जॅझच्या मैदानाबाहेर झाली होती, जॅझसाठी झाली नव्हती, जॅझच्या श्रोत्यांनी केली नव्हती. तरी पुढे अनेक गावांत मोकळ्या मैदानावर जॅझ म्हटले की अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडू लागली. शब्द एकदा पडला की खुलासे त्याच्यामागे लंगडत येतात.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडत होती, ती या निर्णयाचा खोटेपणा उघडा पाडते. महोत्सवाची धंदेवाईक वृत्ती आणि कलावंतांना मिळणारा तुटपुंजा मोबदला यांवर रागावून एक बासवादक आणि एक ड्रमवादक यांनी समुद्रकड्याजवळच्या एका छोट्या हॉटेलच्या आवारात आपला वेगळा, बंडखोर महोत्सव मांडला होता. तोही जॅझच होता, गाव तेच होते, आठवडाही तोच. त्याला कोणी हात लावला नाही आणि तिथे काही बिघडलेही नाही. श्रोते थोडे, वादक एकमेकांसाठी वाजवणारे. म्हणजे धोका संगीतात नव्हता. तो आकड्यात आणि तारखेत होता. आज १०,००० ची मर्यादा आहे आणि ४ जुलैची सुट्टी टाळलेली आहे, ती याच निष्कर्षाने. तो निष्कर्ष १९६० मध्येच डोळ्यांसमोर होता.

रविवारी दुपारची ब्लूजची बैठक झाली. एका ज्येष्ठ कृष्णवर्णीय कवीने तिथेच बसून न्यूपोर्टचा निरोप घेणारे ब्लूजचे शब्द लिहिले आणि पियानोवर बसलेल्या वादकाने ते लगेच गायले. त्या दुपारचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे आणि ब्लूजच्या इतिहासात त्याचे मोल फार मोठे आहे.

१९६१ मध्ये दुसऱ्याच एका आयोजकाने तिथे निराळ्या नावाने कार्यक्रम करून पाहिला. मूळ आयोजक वीन १९६२ मध्ये परतला, या वेळी ना-नफा संस्थेऐवजी धंदा म्हणून. १९६३ मध्ये नव्याने उभा राहिलेला फोक महोत्सव मात्र उलट वाटेने गेला. तिथे नामांकित असो वा डोंगरातला अनोळखी फिडलवाला, प्रत्येकाला ५० डॉलर आणि प्रवास-मुक्कामाचा खर्च मिळे. १९६५ मध्ये त्याच फोक महोत्सवात बॉब डिलनने विजेची गिटार वाजवली तो वाद सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी दोन्ही महोत्सव गावाच्या उत्तरेकडच्या मोकळ्या जागेत, फेस्टिव्हल फील्डवर गेले.

न्यूपोर्ट बेटावर आहे. पश्चिमेकडून येणाऱ्याला तोवर खाडी फेरीबोटीने ओलांडावी लागे. २८ जून १९६९ ला मोठा झुलता पूल खुला झाला आणि आठवड्याच्या आत, ३ ते ६ जुलैला, जॅझ महोत्सवात पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर रॉक बँड वाजले. पुलामुळे गर्दी किती वाढली हे मोजता येणार नाही, पण वाट सोपी झाली होती आणि बोलावणे नव्या श्रोत्याला होते. कुंपणे पडली. गावाने पुढच्या वर्षी रॉकला मनाई केली. पण वूडस्टॉक या १९६९ च्या ऑगस्टमधल्या, अखेर फुकट झालेल्या प्रचंड रॉक महोत्सवानंतर संगीत फुकटच असायला हवे अशी भावना तरुणांत पसरली होती. १९७१ च्या जुलैत फेस्टिव्हल फील्डलगतच्या उतारावर तळ ठोकलेली मुले शनिवारी रात्री कुंपण तोडून आत घुसली आणि थेट मंचावर चढली. त्या क्षणी गायिका जगाला प्रेमाची गरज आहे अशा अर्थाचे गाणे म्हणत होती. महोत्सव पुन्हा बंद पडला आणि त्या महिन्यातला फोक महोत्सवही रद्द झाला. या वेळच्या निर्णयाबद्दल वाद घालायला फारशी जागा नाही. दंगा मंचापर्यंत पोचला होता.

१९७२ मध्ये महोत्सव न्यूयॉर्कला गेला, कार्नेगी हॉलपासून यांकी स्टेडियमपर्यंत अन् स्टेटन आयलंडच्या फेरीबोटीवरही पसरला, आणि नाव मात्र ‘न्यूपोर्ट’च ठेवले. न्यूपोर्टमध्ये न्यूपोर्ट नव्हते आणि मॅनहॅटनमध्ये होते, असे पुढे बरीच वर्षे चालले. जुनी कात्रणे वाचताना वर्ष पाहिल्याशिवाय ठिकाण कळत नाही ते यामुळे.

गावाचे मन कसे वळले याचे उत्तर संगीतात सापडत नाही. १९७३ मध्ये नौदलाने आपला ताफा न्यूपोर्टहून हलवायचे ठरवले आणि गावाची कमाई कोसळली. ज्या गावाला प्रवासी नकोसे झाले होते त्याला आता प्रवाशांवरच जगायचे होते. जुने वाडे दाखवणे, नौकांच्या शर्यती, बंदराकाठची दुकाने यांच्या जोडीला १९८१ मध्ये जॅझ परत आला, तोही ऑगस्टमध्ये आणि बंदराच्या तोंडाशी असलेल्या फोर्ट अ‍ॅडम्स या जुन्या लष्करी किल्ल्यावर. ही जमीन शहराची नसून राज्याची, तीन बाजूंना पाणी आणि यायला एकच रस्ता. कुंपण तोडायला उतार नाही. दिवसाउजेडी कार्यक्रम, मग सगळे परत. १९८५ मध्ये फोकही तिथे आला.

वीनला न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलवाल्यांनी असाच महोत्सव भरवायला १९६२ मध्येच बोलावले होते. पण काळ्या-गोऱ्यांना एकत्र राहू, बसू न देणाऱ्या तिथल्या कायद्यांमुळे ते जमणारच नव्हते. १९७० मध्ये झाले तेव्हा ऐकणारे साडेतीनशेच्या आसपास आणि वाजवणारे जवळपास त्यांच्या दुप्पट. १९७२ पासून तो महोत्सव घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर भरतो आणि आज एप्रिलअखेर ते मेच्या आरंभी दोन शनिवार-रविवार शहर भरून टाकतो. गर्दीची भीती तिथे फारशी नव्हती. भीती होती ती माणसांनी शेजारी बसण्याची.

न्यूपोर्टला पुढे प्रायोजक येत-जात राहिले. २००७ मध्ये महोत्सव एका कंपनीला विकला गेला, ती डबघाईला आली, आणि ऐंशी ओलांडलेल्या संस्थापकाने २००९ मध्ये तो स्वतःच पुन्हा उभा केला. नंतर तो ना-नफा संस्थेच्या हाती गेला, म्हणजे १९५४ च्याच रचनेकडे. २०२० मध्ये साथीमुळे कार्यक्रम झाला नाही. २०२१ मध्ये मर्यादित श्रोत्यांसह झाला. शुक्रवारची संध्याकाळची मैफल अनेक वर्षे गावातल्या त्याच कसिनोच्या हिरवळीवर होत असे.

१९७१ चे मैदान आता मोकळे नाही. तिथे घरे झाली आहेत, आणि त्या वसाहतीचे नाव अजून फेस्टिव्हल फील्ड असेच आहे.