प्रोग्रामचा डीओआय (इंटरनेटवरचा कायमचा ओळख नंबर) काढायचा आहे? आधी हे वाचून घ्या

आपल्याकडे काय होते, पोट्टं एमएस्सीला बोंडअळीच्या सापळ्यातले पतंग मोजायचा प्रोग्राम लिहिते, थीसिस जमा झाली की लॅपटॉप फॉरमॅट, अन् दोन वर्षांनी गाईड विचारते, बापा तो कोड कुठं आहे? मी पण त्यातलाच. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, टाकला तरी तो खात्याचा मालक कधीही डिलीट करू शकते, अन् गूगल कोड ही तसलीच साइट तर २०१६ मध्ये बंदच झाली.

म्हणून झेनोडो, म्हणजे कोड अन् डेटा जपून ठेवणारी अन् त्याला डीओआय देणारी वेबसाइट. जिनिव्हाजवळची सर्न ही संस्था २०१३ पासून चालवते, फी नाही. पात्रता म्हणाल तर काहीच नाही, ना डिग्री, ना कॉलेजचं पत्र, ना तालुक्याला चकरा. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत चालते, आपला प्रोग्राम दोन-चार एमबीचा, म्हणजे रात्री टॉवर बरा असला की होऊन जाते.

कागदपत्रं म्हणजे खरं तर फायली. रीडमी, म्हणजे प्रोग्राम काय करते अन् कसा चालवायचा. लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी, एमआयटी किंवा जीपीएल हे त्याचे तयार मसुदे, हे नसलं तर लोकं कोड पाहतील पण वापरायची परवानगी त्यांना नाही, अन् इथंच बहुतेक जण चुकतात. सायटेशन डॉट सीएफएफ, म्हणजे कोडचा संदर्भ कसा द्यायचा ती फाईल, तिच्यात लिहिणाऱ्यांची नावं, त्यात ज्यानं खरंच लिहिला तो आधी (गाईडशी हे अगोदरच बोलून घ्या, नंतर कटकट होते). शिवाय ऑर्किड, संशोधकाचा १६ अंकी ओळख नंबर, फुकट निघते, दोन-चार मिनिटांचं काम.

आता क्रम नीट पाहा. गिटहबच्या खात्यानं झेनोडोत लॉगिन करा, सेटिंगमध्ये तुमच्या रिपॉझिटरीचं (गिटहबवरच्या कोडच्या फोल्डरचं) बटण ऑन करा, रिपॉझिटरी पब्लिक पाहिजे, अन् मग गिटहबवर रिलीज, म्हणजे कोडचं नंबर दिलेलं व्हर्जन, काढा. रिलीज आधी काढली अन् बटण मागून दाबलं तर ती जुनी रिलीज जात नाही, नवीन काढा लागते, माझी अर्धी रात्र यातच गेली.

डीओआय दोन मिळतात. एक त्याच व्हर्जनचा, दुसरा सगळ्या व्हर्जनचा मिळून, तो नेहमी नवीनवर नेते. थीसिसमध्ये पहिला टाका, कारण तुमचे आकडे त्याच व्हर्जनवर निघाले.

सोबत सॉफ्टवेअर हेरिटेजलाही द्या, फ्रान्सच्या इन्रिया या संगणक संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये सुरू केलेला कोडचा संग्रह. तिथं खातंही नाही लागत, त्यांच्या ‘सेव्ह कोड नाऊ’ या पानावर रिपॉझिटरीची लिंक टाकली की झालं. पण ते कोडचा पूरा इतिहास उचलते, म्हणून शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर, गट नंबर असलेली एक्सेल कधी रिपॉझिटरीत टाकली असन तर नुसतं डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (आधी जतन केलेल्या बदलांत) ती तशीच राहते. अशा वेळी सरळ नवी रिपॉझिटरी करा, साफ फायली टाका, अन् मगच लिंक द्या.