मालिका बघून करिअर ठरतं का? उत्तर छपरावरच्या अँटेनाला विचारा

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुण्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे मुलाखती, ज्यात कोणीतरी सांगतंच की लहानपणी सीआयडी बघायचो, तेव्हाच फॉरेन्सिकला जायचं ठरवलं. आणि दुसरी म्हणजे बोटांचे ठसे घेऊन मुलाचं करिअर सांगतो म्हणणाऱ्यांच्या जाहिराती. दुसरीचा निकाल आधी लावू. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात पाचव्या महिन्यापर्यंत कायमच्या ठरतात, त्यावरून मूल इंजिनिअर होणार की वकील हे कळतं याला काडीचाही पुरावा नाही, त्यात पैसे घालू नका. पहिली गोष्ट मात्र तपासण्यासारखी आहे.

मे जेमिसनचं उदाहरण सगळ्यात गाजलेलं. 1992 साली एन्डेव्हर यानातून अंतराळात गेलेली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि लहानपणी स्टार ट्रेक या अंतराळयानावरच्या मालिकेतली कृष्णवर्णीय अधिकारी लेफ्टनंट उहुरा बघून आपल्याला बळ मिळालं असं ती उघड सांगते, यानात शिफ्ट सुरू करताना उहुराचंच वाक्य म्हणायची. 2018 मध्ये अमेरिकेत एक पाहणी झाली, त्यात एक्स-फाइल्स मालिकेतली डॉक्टर आणि तपास अधिकारी डेना स्कली माहीत असलेल्या आणि विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या बायकांपैकी 63 टक्के जणींनी स्कलीला आपला आदर्श म्हटलं. आकडा भारीच आहे, पण त्या पाहणीत मालिका बनवणारी फॉक्स कंपनीही भागीदार होती. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे आपण विचारतोय कोणाला? जी शास्त्रज्ञ झाली तिला. तीच मालिका रोज बघून बँकेत लागलेल्या लाखोंना कोणी विचारत नाही. शिवाय जिला आधीपासून विज्ञानाची गोडी आहे तीच स्कली मन लावून बघणार, म्हणजे आधी कोंबडी की आधी अंडं हे सुटतच नाही.

खरा प्रयोग करायचा तर अर्ध्या मुलांना मालिका दाखवायची, अर्ध्यांना नाही, आणि वीस-तीस वर्षं थांबायचं. असं कोण करू देणार? पण अमेरिकेत हा प्रयोग आपोआप घडला, तोही रेडिओलहरींमुळे, आणि मला हा भाग इतका आवडतो की जरा सविस्तर सांगतो.

सेसमी स्ट्रीट ही लहान मुलांना अक्षरं-आकडे शिकवणारी मालिका 10 नोव्हेंबर 1969 ला सुरू झाली. ती दाखवणारं चॅनल प्रत्येक शहरात वेगळ्या नंबरवर होतं. बॉस्टनमध्ये 2, न्यूयॉर्कमध्ये 13, पण वॉशिंग्टनमध्ये 26 आणि लॉस एंजेलिसमध्ये 28. तिकडे 2 ते 13 म्हणजे व्हीएचएफ, कमी कंपनांच्या लहरी, आणि 14 पासून पुढे यूएचएफ, जास्त कंपनांच्या. आता 300 ला मेगाहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला किती दहा लाख कंपनं त्या आकड्याने, भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. चॅनल 2 साधारण 54 मेगाहर्ट्झपासून सुरू होतं, म्हणजे लहर साडेपाच मीटरची. यूएचएफ 470 पासून सुरू होतं, म्हणजे लहर जेमतेम 64 सेंटिमीटर. लांब लहर टेकडी आडवी आली तरी थोडी वळून पलीकडे उतरते, आखूड लहर फारशी वळत नाही, तिच्यामागे गडद सावली पडते. त्यात अँटेना लहरीच्या लांबीच्या हिशोबात बनवावा लागतो, म्हणून यूएचएफचा साधा अँटेना लहान आणि तो हवेतून ऊर्जाही कमीच गोळा करतो, लांबी निम्मी झाली की जवळपास चौथाई. भरीला 1964 च्या आधीच्या बऱ्याच टीव्हींमध्ये यूएचएफचा ट्यूनरच नव्हता. थोडक्यात काही शहरांत मालिका स्वच्छ दिसायची आणि काही ठिकाणी नुसत्या मुंग्या. आणि मुख्य म्हणजे हे नंबर मालिका येण्याच्या बऱ्याच आधी वाटले गेले होते, कुठली मुलं हुशार किंवा कुठले आईबाप हौशी याचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता. म्हणजे चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट केल्यासारखंच झालं.

मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन या अर्थतज्ज्ञांनी नेमकं हेच पकडलं. मालिका सुरू झाली तेव्हा शाळेत जायच्या वयाची न झालेली मुलं एका बाजूला, आधीच शाळेत असलेली दुसऱ्या बाजूला, आणि या दोन गटांतला फरक चांगलं चित्र दिसणाऱ्या भागांत जास्त आहे का ते जनगणनेच्या आकड्यांत शोधलं. सापडलं ते असं की चांगलं दिसणाऱ्या भागांतली लहान मुलं शाळेत मागे कमी पडली, वयाप्रमाणे ज्या इयत्तेत असायला हवं तिथेच राहिली, मुलग्यांमध्ये आणि कृष्णवर्णीय मुलांमध्ये परिणाम जास्त. पण पुढे शिक्षण किती झालं, नोकरी-पगाराचं काय, तिथे ठाम काही हाती लागलं नाही.

मग जेमिसन खोटं बोलते का? अजिबात नाही. 1981 मध्ये लिंडा गॉटफ्रेडसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक सिद्धांत मांडला, तो मला इथे पटतो. मूल करिअर निवडत नाही, आधी एकेक करिअर खोडत जातं. सहा ते आठ वर्षांचं असताना 'हे बायकांचं काम नाही', 'हे पुरुषांचं नाही' म्हणून खोडतं, मग आपल्यासारख्या घरातलं कोणी हे करत नाही म्हणून खोडतं, आणि स्वतःची आवड बघतं ते चौदाच्या पुढे. उहुरा पडद्यावर दिसल्याने शिकागोतल्या एका मुलीच्या यादीतलं 'अंतराळवीर' खोडायचं राहिलं असेल, तर तेवढंही पुष्कळ झालं. पण अशा एकेका नावाचा परिणाम लाखोंच्या सरासरीत कुठून दिसणार?

आपल्याकडे हे बघायची फार छान सोय आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि ते पुण्यात यायचं सिंहगडावरच्या टॉवरवरून. तोरण्याच्या पलीकडच्या खोऱ्यांत त्याची सावली पडणारच, आणि कुठल्या गावात किती पडते हे आज उंचीच्या नकाशावरून कॉम्प्युटरवर काढता येतं. त्या गावांतल्या आणि समोर उघड्यावर असलेल्या गावांतल्या तेव्हाच्या मुलांचं शिक्षण, पुढचे कामधंदे शाळांच्या रजिस्टरमधून आणि घरोघरी विचारून जुळवायचे. शहरापासूनचं अंतर आणि रस्ते हे हिशोबात घ्यावे लागतील, कारण डोंगर एसटीलाही आडवा येतो. गोखले इन्स्टिट्यूट किंवा विद्यापीठातल्या कोणी हे हातात घेतलं तर माहिती गोळा करायला मी आनंदाने येईन.